गोळीमागचा नंबर

गोळी दाबून बाहेर काढली की तिच्यामागचा चंदेरी पत्रा फाटतो आणि त्या भोकातून एक फोन नंबर दिसतो. गोळ्यांचं पाकीट जाड छापील कागदात गुंडाळलेलं असतं, आणि नंबर त्या कागदावर, बरोबर गोळीच्या पाठीशी. आज कोणता नंबर निघेल हे गोळी बाहेर आल्याशिवाय कळत नाही. रुग्णाने गोळी घ्यायची आणि त्या नंबरला मिस्ड कॉल द्यायचा. त्याला पैसे पडत नाहीत, काही बोलावं लागत नाही, स्मार्टफोन लागत नाही. आकडे ओळखता आले की पुरे. तिकडे संगणकात त्याच्या नावापुढे आजच्या तारखेला खूण होते. खूण झाली नाही, तर आरोग्य केंद्रातल्या माणसाला ती रिकामी जागा दिसते, आणि त्याने चौकशी करावी अशी अपेक्षा असते.

असं एक रिकामं पाकीट मी पहिल्यांदा पाहिलं ते एका डॉक्टर मैत्रिणीच्या टेबलावर. बराच वेळ मी ते उलटंसुलटं करून पाहत राहिले. क्षयरोगाच्या औषधांसाठी काढलेल्या या युक्तीचं नाव '९९डॉट्स'. ती आमच्याच शहरात, बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये जन्मली. बिल थीस आणि अँड्र्यू क्रॉस हे तिच्या मुख्य कर्त्यांपैकी. पुढे ती चालवण्यासाठी 'एव्हरवेल' ही संस्था इथेच उभी राहिली आणि देशाच्या क्षयरोग कार्यक्रमात हे पाकीट वापरलं गेलं. मला त्यात सगळ्यात भावला तो मिस्ड कॉल. एसटीत बसवून देताना आई म्हणायची, "पोचलीस की मिस्ड कॉल दे." उचलायचा नाही, बोलायचं नाही, नुसतं कळू द्यायचं. पैसे वाचवण्यासाठी लोकांनी आपल्याआपण शोधलेली ही रीत कुणा अभियंत्याने नीट पाहिली, तिचा मान ठेवला आणि तिच्यावर सहा महिन्यांच्या औषधाचा भार टाकला. आपल्याकडे आधीपासून जे आहे तिथून सुरुवात करणारं तंत्रज्ञान मला नेहमीच जवळचं वाटतं.

क्षयाच्या गोळ्या आणि बंगळूर यांचं नातं तसं जुनं आहे. विमानतळाकडे जाणाऱ्या बळ्ळारी रस्त्यावर 'अ‍ॅव्हलॉन' नावाच्या वास्तूत राष्ट्रीय क्षयरोग संस्था आहे. ती १९५९ साली स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक झालेले हाफडान मालर तिच्या उभारणीत होते. या संस्थेतून झालेलं एक काम मला फार मोलाचं वाटतं. देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या क्षयरुग्णांशी बोलून पाहिलं आणि १९६३ साली ते प्रसिद्ध केलं. खेड्यातल्या माणसांना आपल्या आजाराची जाण नसते, त्यांना शोधून शिकवावं लागतं, अशी तेव्हा समजूत होती. प्रत्यक्षात बहुतेकांना आपला खोकला, ताप ठाऊक होता, त्याची काळजीही होती. त्यांतले निम्म्याच्या आसपास लोक आधीच दवाखान्यात जाऊन आले होते, आणि खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परतले होते. माणूस आला होता. त्याच्याकडे नीट पाहिलं गेलं नव्हतं. रुग्ण गोळी चुकवतो म्हणून आपण हळहळतो तेव्हा तुमकूरची ती माणसं मला आठवतात. त्यांनी काहीच चुकवलं नव्हतं.

त्याच सुमारास मद्रासमध्ये दुसरा एक मोठा प्रश्न सुटत होता. १९५६ साली तिथे क्षयाच्या रासायनिक उपचारांचं केंद्र सुरू झालं. वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की रुग्णाला सॅनेटोरियममध्ये ठेवायची गरज नाही; गरिबाच्या दाटीवाटीच्या घरातही औषधांनी तो तसाच बरा होतो. किती घरं त्यामुळे मोडता मोडता वाचली असतील! पण औषध घरी गेलं आणि तिथेच एक काळजी उगवली : घरी तो ते घेतो का? मग कार्यकर्ते न कळवता घरी जायचे, उरलेल्या गोळ्या मोजायचे, लघवीचा नमुना घेऊन त्यात औषधाचा अंश सापडतो का ते तपासायचे. 'डॉट्स' हे त्या काळजीचं पुढचं रूप. कुणाच्या तरी डोळ्यांदेखत गोळी गिळायची. रुग्णाने आठवड्यातून तीन वेळा केंद्रावर जायचं, त्यासाठी मजुरी बुडवायची, ओळखीच्या नजरा झेलायच्या. २०१७ पासून गोळ्या रोजच्या झाल्या. रोज कुणासमोर जाऊन उभं राहणार? गोळीमागचा नंबर त्या अडचणीवर काढलेला मार्ग होता.

माझ्या घरात क्षय नाही. तिथे वय आहे. बाबा गेल्यावर आई साताऱ्याहून आमच्याकडे मल्लेश्वरमला राहायला आली आणि तिच्याबरोबर गोळ्यांचा एक संसार आला. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी. कॅल्शियमची तिच्यापासून निदान चार तास लांब. शुगरची जेवणाआधी, बीपीची सकाळी, त्यातली एक अर्धी करून. 'ड' जीवनसत्त्वाची पुडी आठवड्यातून एकदा, आणि तीच सगळ्यात अवघड, कारण रोजचं अंगवळणी पडतं, आठवड्याचं पडत नाही. औषधवाला पाकिटातून चारच गोळ्या कात्रीने कापून देतो तेव्हा नाव कापलेल्या तुकड्यावर राहून जातं. पुढच्या महिन्यात तीच गोळी दुसऱ्या कंपनीची येते. कालपर्यंत पांढरी असलेली आज गुलाबी. आईचं अर्धं लक्ष ती ओळखण्यात जातं. गोळ्या लक्षात ठेवणं म्हणजे केवळ वेळ लक्षात ठेवणं नव्हे, हे मला तिच्या शेजारी बसून कळलं.

तिची स्वतःची एक पद्धत होती. थायरॉईडची गोळी दारातून नंदिनीच्या दुधाची पिशवी आत घेताना. बीपीची, देवाची फुलं परडीतून काढून ठेवताना. रात्रीची, मालिका संपल्यावर. घड्याळाकडे तिने कधी पाहिलं नाही. गोळी एकेका कामाच्या पदराला बांधलेली असे. काम झालं की गोळी आठवे. पाहुणे आले, प्रवास निघाला, दूध उशिरा आलं, की गाठ सुटे. हे पाहून माझ्या नवऱ्याने तिच्या फोनवर औषधांची आठवण करून देणारं एक ॲप घातलं. गोळीचा फोटो दिसतो, घंटी वाजते, 'घेतली' हे बटण दाबेपर्यंत वाजत राहते. पहिले काही दिवस आईला त्याचं कौतुक होतं. मग मी पाहिलं, की घंटी वाजली की ती आधी बटण दाबते, कारण आवाज थांबवायचा असतो. मग पाणी आणायला उठते. तेवढ्यात दारावर कुणी येतं, कुकरची शिट्टी होते. संध्याकाळी फोनमध्ये दिवसभराच्या नोंदी भरलेल्या, आणि डबीच्या गुरुवारच्या कप्प्यात गोळी तशीच.

आणि संकष्टीला ती शुगरची गोळी ठेवूनच देते. तिच्या मते पोटात अन्न नाही तर ती गोळी कशाला. ही शंका चुकीचीही नाही. उपवासाच्या दिवशी काय करायचं ते डॉक्टरांना विचारायलाच हवं होतं. पायाला सूज आली तर ती बीपीच्या गोळीवर संशय घेते आणि दोन दिवस बघू म्हणते. खरं तर काही गोळ्यांनी तशी सूज येतेही. हे विसरणं नाही. हे ठरवणं आहे, विचारायला कुणी नसताना एकटीने ठरवणं. घंटीला मात्र या दोन्हींतला फरक कळत नाही. ती पुन्हा तेवढ्याच जोराने वाजते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात म्हटलं होतं, की श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजारांची औषधं नीट घेणाऱ्यांचं प्रमाण सरासरी ५० टक्क्यांच्याच आसपास आहे. उरलेल्या निम्म्यांपैकी विसरभोळे किती आणि शंकेत अडकलेले, औषधाच्या किमतीपाशी थबकलेले, बरं वाटलं म्हणून थांबलेले किती? क्षयात तर बरं वाटण्याचाच धोका मोठा. दोन महिन्यांत ताप जातो, भूक लागते, अंग भरतं, आणि चार महिन्यांच्या गोळ्या अजून बाकी असतात.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई मूळच्या तुमकूरकडच्या. त्या दहा वाजता येतात आणि चपला काढता काढता विचारतात, "अम्मा, मात्रे तगोंड्रा?" गोळी घेतली का? आई म्हणते, "तगोंडे." नसेल घेतली, तर लगेच कबूल करते. ताई काही बोलत नाहीत, पाण्याचा पेला आणून समोर धरतात आणि तिथेच उभ्या राहतात. फोनवरचं बटण आई सहज दाबून टाकते, पण ताईंना ती कधी खोटं सांगत नाही.

९९डॉट्सचंही पुढे असंच काहीसं दिसून आलं. संशोधकांनी रुग्णांच्या घरी न कळवता जाऊन लघवी तपासली, ती मद्रासची जुनी पद्धत साठ वर्षांनी पुन्हा, आणि मिस्ड कॉलच्या नोंदींशी ताडून पाहिली. मेळ समाधानकारक नव्हता. गोळी घेतलेल्या कित्येकांनी कॉल केलेला नव्हता. फोन घरातल्या दुसऱ्या कुणाकडे होता, नेटवर्क नव्हतं, कंटाळा आला होता. काहींच्या नावापुढे खूण होती आणि लघवीत औषध नव्हतं. ही बातमी वाचून काहींनी ती युक्ती फसली असं म्हटलं. मला तसं म्हणवत नाही. खुणांचा तक्ता हा पुरावा मानला तर तो कच्चा आहे. पण ज्याची तारीख रिकामी त्याला आज फोन करून विचारावं, इतपत तर तो नक्की सांगतो. सगळं अवलंबून आहे ते त्या रिकाम्या तारखेचं पुढे काय होतं यावर.

फोनवरून औषधाची आठवण करून देण्याचा एक फार प्रामाणिक प्रयोग बंगळूरमध्येच झाला. सेंट जॉन्स या वैद्यकीय संस्थेतल्या संशोधकांनी आधी १५० एचआयव्ही रुग्णांवर सहा महिने करून पाहिलं. दर आठवड्याला यंत्राकडून एक फोन आणि एक चित्र. चित्रात आजाराची काही खूण नाही, कारण फोन घरातलं कुणीही पाहू शकतं. इतका विचार केलेला पाहून मला त्या माणसांविषयी आदर वाटला. औषध नीट घेणाऱ्यांचं प्रमाण ८५ टक्क्यांवरून ९१ वर गेलं. सगळ्यांना आशा वाटली. मग अनिता शेट आणि आयेशा डी कोस्टा यांच्या पुढाकाराने दक्षिण भारतातल्या तीन केंद्रांवर ६३१ रुग्णांची चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट, आणि ९६ आठवड्यांचा पाठपुरावा. २०१४ साली 'बीएमजे'त निकाल आला : फोन येणाऱ्यांत आणि न येणाऱ्यांत फरक नाही. रक्तातला विषाणू दोन्हीकडे जवळजवळ सारखाच डोकं वर काढत होता. एवढ्या कष्टांनंतर असा निकाल जसाच्या तसा जगापुढे ठेवणं सोपं नसतं. त्यांनी तो ठेवला, आणि त्यामुळे आमच्यासारख्यांना नीट विचार करता येतो.

केनियातला याच विषयाचा अभ्यास त्याआधी, २०१० साली, 'लॅन्सेट'मध्ये आला होता. तिथे ५३८ रुग्णांपैकी निम्म्यांना आठवड्यातून एकदा स्वाहिलीत एका शब्दाचा निरोप जाई, कसं काय अशा अर्थाचा. त्यात औषधाचं नाव नाही, वेळ नाही, आठवणही नाही. दोन दिवसांत उत्तर द्यायचं : ठीक आहे, किंवा अडचण आहे. अडचण कळवणाऱ्याला आणि गप्प राहणाऱ्याला दवाखान्यातून माणसाचा फोन जाई. तिथे फरक पडला. निरोप मिळणाऱ्यांपैकी ६२ टक्के औषध नीट घेत होते, न मिळणाऱ्यांपैकी ५०. विषाणूही जास्त जणांत दबलेला होता. दोन देश, दवाखाने वेगळे, रुग्णांची परिस्थिती वेगळी. एका अभ्यासावरून दुसऱ्याला नापास करता येत नाही. तरीही मला वाटतं, की केनियातल्या माणसाला दर आठवड्याला तो निरोप पाहताना ठाऊक होतं, आपण गप्प राहिलो तर कुणीतरी फोन करणार आहे.

माझी मावशी अजून कोरेगावच्या बाजूला एकटी राहते. तिच्या बीपीच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रातून येतात. २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले जे जिल्हे सुरुवातीला आले, त्यांत तिचा सातारा होता. या उपक्रमासाठी 'सिंपल' नावाचं ॲप बंगळूरच्या 'ऑब्व्हियस' आणि 'निलेन्सो' इथल्या मंडळींनी घडवलं. ते रुग्णाच्या फोनवर नसतंच, हे मला महत्त्वाचं वाटतं. ते सिस्टरच्या हातात असतं. रुग्णाच्या कार्डावरचा चौकोनी ठसा फोनपुढे धरायचा, बीपीचे दोन आकडे आणि दिलेल्या गोळ्या भरायच्या, पुढच्या महिन्याची तारीख घालायची. तारीख उलटून गेलेल्यांची यादी आपोआप वर येते. सिस्टरने त्या यादीतून एकेकाला फोन करायचा. तिचा स्वतःचा नंबर पलीकडे दिसत नाही. इथे यंत्र रुग्णाला काहीच आठवण करून देत नाही. ते सिस्टरला रुग्णाची आठवण करून देतं.

मावशीने एकदा केंद्रावर जायचं टाळलं, तेव्हा तिला असा फोन आला. "काय गं, गोळ्या संपल्या असतील तुझ्या. आली नाहीस?" मावशीने सांगितलं, गुडघा धरलाय, एसटीपर्यंत चालवत नाही. सिस्टरने शेजारच्या मुलाबरोबर कार्ड पाठवायला सांगितलं आणि पुढच्या वेळी येताना मावशीने नुसत्या हळदीच्या लेपावर न राहता डॉक्टरांनाही गुडघा दाखवावा असं बजावलं. हे मावशी आईला फोनवर इतक्या अभिमानाने सांगत होती, जणू तिच्या घरी कुणी मोठं माणूस येऊन गेलं. त्यानंतर दोघी बहिणींनीच एक गोष्ट सुरू केली. रात्री आठ वाजता एकीने दुसरीला फोन करायचा. "ताई, घेतलीस?" "घेते गं, थांब, फोन ठेवू नको." मग फोनवर पाणी प्यायल्याचा आवाज, मग कोरेगावचा पाऊस, घेवड्याचा भाव, कुणाच्या सुनेच्या डोहाळजेवणाची बातमी. संकष्टीच्या गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारून घे, असं आईला शेवटी मावशीनेच सांगितलं. आईच्या फोनवरची घंटी आता बंद आहे. डबीचे कप्पे वेळेवर रिकामे होतात.

पण दोघींना हे जमलं, कारण त्या दोघी आहेत. हेब्बाळकडे, व्हाइटफील्डकडे उंच इमारतींच्या पायथ्याशी पत्र्याच्या शेडमध्ये राहणारा मजूर डोळ्यांपुढे आणून पाहा. तो रायचूर, यादगीरचा असेल, नाहीतर बिहार, ओडिशाचा. क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. त्यातल्या रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते आणि सामाईक संडासात ते लपत नाही. मुकादमाला कळलं तर काम जाईल. फोन चौघांत एक, आणि तोही सोबतीच्या नावाचा. साइट बदलली की पत्ता बदलतो, सिम बदलतं. पोटात काही नसलं तर गोळ्या मळमळवतात. सरकारकडून पोषणासाठी मिळणारे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये झाले आहेत, ते बँकेत वेळेवर पडले तर सकाळी खायला काही मिळतं. "घेतलीस का" असं त्याला या शहरात कुणीच विचारत नाही. गोळीमागच्या नंबराची सगळ्यात जास्त गरज त्याला आहे, आणि तो नंबर लावणं सगळ्यात अवघडही त्यालाच आहे.

म्हणून या शहरातल्या कल्पक माणसांकडे माझं एक मागणं आहे. आठवण किती जणांना पोचली आणि किती खुणा झाल्या, हे ते मोजतातच. त्यांनी हेही मोजावं, की किती रिकाम्या तारखांच्या मागे त्याच संध्याकाळी कुणाचा फोन गेला, किंवा कुणी त्या शेडपर्यंत चालत गेलं. जिच्या वाट्याला अशी यादी येते ती आशाताई गर्भवतींच्या याद्याही सांभाळते, लसीकरणाच्याही. तिच्या पडद्यावर आणखी एक लाल ओळ टाकण्याआधी ती ओळ पुसायला तिच्याकडे वेळ किती आहे ते बघावं, आणि तिच्या बसभाड्याचा, फोनच्या रिचार्जचा रकाना त्याच तक्त्यात, रुग्णाच्या नावाशेजारी असावा.